सी ड्राइव्ह लाल करण्याची शास्त्रोक्त पद्धत

स्टुडिओ नवा टाकला की पहिली काळजी गिऱ्हाइकाची असते, दुसरी दुकानभाड्याची. तिसरीही एक काळजी असते, हे पहिलं लग्न उरकल्यावर रात्री दीड वाजता कळतं. कार्डातले फोटो लॅपटॉपमध्ये उतरत असतात, पट्टी पुढे सरकत असते, फोटोग्राफर मांडवातून बांधून आणलेली बुंदी खात बसलेला असतो, आणि पट्टी मध्येच थांबते. डिस्कवर जागा उरलेली नाही. उघडून बघावं तर सी ड्राइव्हची निळी रेघ लाल झालेली.

नांदेडच्या तरोडा नाक्यापासून लातूरच्या औसा रोडपर्यंत ही लाल रेघ न पाहिलेला फोटोग्राफर मला भेटलेला नाही. वाईट एवढंच वाटतं, की ती सगळ्यांकडे अपघाताने आली. कोणी चार लग्नांत डिस्क भरली, कोणाला अख्खी लग्नसराई लागली. धंद्यात असा ढिसाळपणा बरा नव्हे. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि सुट्टीच्या तिथी गाठून एका मित्राच्या स्टुडिओसाठी दुसरा कॅमेरा धरतो. आम्ही दोघांनी मिळून आजवर तीन लॅपटॉप लाल केले आहेत. त्या अनुभवातून ही पद्धत सिद्ध झाली. पायऱ्या क्रमाने पाळाव्यात. दुसऱ्या लग्नाच्या वरातीपर्यंत डिस्क भरली नाही, तर एखादी पायरी गाळली गेली असं समजावं.

साहित्य आणि मापं

२४ मेगापिक्सेलचे दोन कॅमेरे. ६४ जीबीची चार कार्डं. ५१२ जीबीची एसएसडी असलेला लॅपटॉप. फोटोंची यादी ठेवणारं एक सॉफ्टवेअर: बहुतेकांकडे लाइटरूम क्लासिक असतं, फुकटात हवं असेल तर डिजिकॅम आहे, लाल रेघ दोन्हींत सारखीच जमते. आणि एक भाचा, ज्याला ‘कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं’. भाचा नसेल तर मेहुणा चालेल, पण निकाल तितका खात्रीचा येत नाही.

डिस्कच्या खोक्यावर ५१२ लिहिलेलं असतं आणि विंडोज ४७६ दाखवतं. १ टीबीची घेतली तर ९३१ दिसतात. दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, मी जाऊन आलोय. बनवणारा हजाराच्या मापाने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या. मोंढ्यात सोयाबीन घेऊन गेलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. घरून निघताना पोतं एक भरतं, आडतीच्या काट्यावर दुसरं. इथे फरक इतकाच, की दोन्ही काटे खरे आहेत.

आता एका लग्नाचा हिशेब. हळद, लग्न आणि दोन कॅमेरे मिळून चार हजार फोटो हा आजकाल कंजूष आकडा आहे. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल ३० एमबीच्या आसपास धरू. चार हजार गुणिले तीस म्हणजे १२० जीबी. रोलच्या काळात एका रोलला ३६ फोटो यायचे आणि पाच रोल घेऊन लग्नाला जाणारा माणूस मोठा फोटोग्राफर गणला जायचा. म्हणजे १८० फोटो. त्याच्याही मागे, आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता तेव्हा, दरबारी फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांच्या कॅमेऱ्यात एका फोटोला एक काच लागायची. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्या आहेत. आपण तेवढे फोटो नवरदेव स्टेजवर पोचेपर्यंत काढतो. काच उचलायला हमाल लागत होता, म्हणून बटण दाबण्याआधी विचार व्हायचा. फाइलला हमाल लागत नाही.

पायरी १: बटणावरचं बोट उचलू नका

मंगलाष्टकात भटजी पुन्हा पुन्हा ‘सावधान’ म्हणतात, ते फोटोग्राफरला उद्देशून असतं असं समजावं. तो शब्द कानावर पडला की कॅमेरा सलग मोडवर टाकून बटण दाबून धरायचं. सेकंदाला दहा फोटो, तीन सेकंद. ज्वारीच्या अक्षता हवेत चढल्या, थांबल्या, पडल्या. तीस फोटो, ९०० एमबी. आठ मंगलाष्टकांना सात जीबी. त्यांतल्या एका फोटोत अक्षता दिसतील, उरलेल्यांत आधी हात आणि मग डोकी.

त्यासोबत कॅमेऱ्यात ‘रॉ प्लस जेपेग’ निवडून ठेवावं. का, ते विचारू नये. जेपेग आपण उघडत नाही, गिऱ्हाइकाला देत नाही, पण असलेलं बरं असतं. घरात दोन मिक्सर असतात तसं.

पायरी २: जिथे म्हणेल तिथे ठेवा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे, आणि हिच्यासाठी काहीही करावं लागत नाही. इंपोर्टची खिडकी उघडली की उजव्या हाताला फोटो कुठे ठेवायचे ते विचारलेलं असतं, आणि उत्तरही आधीच भरलेलं असतं: सी ड्राइव्ह, पिक्चर्सचं फोल्डर. कॅटलॉगही तिथेच, पिक्चर्समध्ये लाइटरूम नावाच्या फोल्डरात. आपण फक्त खालचं इंपोर्टचं बटण दाबायचं. ज्या ड्राइव्हवर विंडोज बसलेलं आहे, त्याच ड्राइव्हवर लग्नही बसवायचं. मग डिस्क भरली की फोटो तर थांबतातच, कॉम्प्युटरही धापा टाकायला लागतो. एका दगडात दोन.

काही अतिशहाणे लोक इथे आडकाठी घालतात. त्यांचं म्हणणं मी नाइलाजाने सांगतो, म्हणजे तुम्हाला ते ओळखू येतील.

ते म्हणतात, आडत्याच्या गादीवर जी चोपडी असते ती म्हणजे कॅटलॉग, आणि वखारीत जी पोती असतात ते म्हणजे फोटो. चोपडीत पोतं नसतं. चोपडीत एवढंच असतं, की अमक्या शेतकऱ्याची तूर, इतके कट्टे, अमक्या वखारीत, तमक्या थप्पीला. तुम्ही लाइटरूममध्ये फोटो काळा-पांढरा केला, कापला, नवरीचा रंग उजळला, तरी ते सगळं चोपडीत लिहिलं जातं. वखारीतल्या पोत्याला कोणी हात लावत नाही. म्हणून इंपोर्ट म्हणजे फोटो ‘सॉफ्टवेअरमध्ये जाणं’ नव्हे. इंपोर्ट म्हणजे नोंद. आत कोणी जात नाही, बाहेर कोणी येत नाही.

हे एकदा कळलं की खिडकीच्या वरच्या बाजूचे चार शब्द कळतात, आणि हे चार शब्द कळलेल्या माणसाची डिस्क भरवणं फार अवघड जातं. ‘अ‍ॅड’ म्हणजे पोती आहेत तिथेच राहू द्या, फक्त नोंद करा. ‘मूव्ह’ म्हणजे या वखारीतून त्या वखारीत हलवा आणि नोंद करा. ‘कॉपी’ म्हणजे तसलीच दुसरी पोती भरा, ती नव्या जागी ठेवा आणि त्यांची नोंद करा. ‘कॉपी अ‍ॅज डीएनजी’ म्हणजे दुसरी पोती भरताना बारदानही बदला. कार्डातून थेट घेताना ‘मूव्ह’ आणि ‘अ‍ॅड’ बंदच असतात आणि ते बरोबरच आहे, कारण कार्ड म्हणजे बैलगाडी. बैलगाडीला वखार कोण म्हणेल?

गंमत इथे सुरू होते. आपल्याकडे कार्डातून थेट घेण्याची पद्धत नाही. आधी कार्डातलं सगळं डेस्कटॉपवर ‘न्यू फोल्डर’मध्ये ओतायचं (डेस्कटॉपही सी ड्राइव्हच असतो, पण तो समोर दिसतो म्हणून जवळचा वाटतो), आणि तिथून लाइटरूममध्ये घ्यायचं. त्या वेळी ‘अ‍ॅड’ म्हटलं तर एकच प्रत राहते. आपण ‘कॉपी’ म्हणायचं. १२० जीबीचे सरळ २४० होतात. ‘न्यू फोल्डर’ नंतर कोणी पुसत नाही, कारण त्यात नेमकं काय आहे ते कोणालाच आठवत नाही, आणि न आठवणाऱ्या वस्तूला हात लावायचा नाही ही आपली रीत आहे.

पायरी ३: दुसरी प्रत त्याच डिस्कवर

त्याच खिडकीत ‘मेक अ सेकंड कॉपी’ असा एक चौकोन आहे. त्यावर टिक करावी आणि जागा म्हणून सी ड्राइव्हच द्यावा. झाले ३६०. डिस्क बंद पडली तर तिन्ही प्रती सोबतच जातात, त्यामुळे मागे कोणाला वाट पाहावी लागत नाही. शिवाय तुम्ही पुढे कितीही फोटो नापास करून पुसले, तरी या दुसऱ्या प्रतीत ते जसेच्या तसे राहतात.

पायरी ४: प्रीव्ह्यू पूर्ण आकाराचे, मुदत ‘नेव्हर’

फोटो झटपट दिसावा म्हणून सॉफ्टवेअर त्याची एक दर्शनी प्रत बनवून ठेवतं. ‘वन टू वन’ निवडलं की ती मूळ फोटोएवढ्या आकाराची होते. ती किती दिवसांनी टाकायची, हेही कॅटलॉग सेटिंग्जमध्ये विचारतात: एक दिवस, एक आठवडा, तीस दिवस, कधीच नाही. आपण ‘कधीच नाही’ म्हणावं. चार वर्षांपूर्वीच्या लग्नातली नवरीची आत्या आजही क्षणात पूर्ण आकारात उघडली पाहिजे, तिचा आपल्याला उपयोग असो वा नसो.

पायरी ५: नापास कोणालाही करू नका

या पायरीवर लोक कच खातात, म्हणून इथे थोडं थांबू.

लातूरचं नाव महाराष्ट्रभर गेलं ते ‘लातूर पॅटर्न’मुळे. बारावीच्या लेकरांना सराव परीक्षांवर परीक्षा देऊन एकेका मार्कावरून वर-खाली बसवणारं हे गाव. अर्ध्या मार्काने हुकलेल्या पोराला इथे रिपीटर म्हणून पुन्हा वर्षभर बसवतात. आणि त्याच गावातला फोटोग्राफर एकाच पोझचे सतरा फोटो समोर आले की सतराच्या सतरा फर्स्ट क्लासमध्ये पास करून टाकतो. डोळे मिटलेला पास. हललेला पास. फोकस नवरदेवाऐवजी मागच्या कुलरवर गेलेला, तोही पास.

याला आळस म्हणणं अन्याय होईल. कारण सामाजिक आहे. आपल्याकडच्या लग्नात फोटो नवरा-नवरीचा नसतोच, तो मानपानाचा असतो. टॉवेल-टोपीचा आहेर घेऊन जो स्टेजवर चढला तो फोटोत आलाच पाहिजे. दीड महिन्याने वधूपिता दुकानात येतात. अल्बम बघत नाहीत. शेवटून पानं उलटत येतात आणि म्हणतात, “आमच्या साडूचा फोटो नाही की वो यात.” आपण म्हणतो, “आहे, पण त्यांचे डोळे मिटलेत.” ते म्हणतात, “मिटू द्या की. आले होते हे तर दिसतंय!” आणि जाता जाता सांगतात, “सगळेच्या सगळे द्या बगा पेनड्राइव्हमधी.”

आता या माणसासमोर डिलीटचं बटण दाबायला काळीज लागतं. डिस्कवरचा प्रत्येक फोटो कोणाचा तरी साडू असतो, कोणाचा तरी मामा असतो. डिस्क त्याने भरते. रॉ फाइल मोठी आहे, कार्ड मोठं आहे, हे सगळं खरं. पण मूळ कारण असं, की या दोन जिल्ह्यांत सोयऱ्याला ‘नाही’ म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

अतिशहाण्यांचा इलाजही सांगून ठेवतो. इंपोर्ट झाल्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी बसतात. एक बोट ‘पी’वर, एक ‘एक्स’वर. ठेवायचा तर पी, काढायचा तर एक्स. मागे वळून बघत नाहीत. एका सोयऱ्याचा एक बरा फोटो ठेवतात, साडूसुद्धा सांभाळला जातो. शेवटी कंट्रोल आणि बॅकस्पेस दाबून सगळे एक्स एकदम काढतात. चार हजारांतले नऊशे उरतात. १२० जीबीचे २७ होतात. चाळीस पानांच्या अल्बमला एवढे उरून पुरतात. आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवतात, की निवडलेले सगळे फोटो मिळतील, काढलेले सगळे नाही. पावतीवर तसं छापतात म्हणे. अशांची संगत धरू नये.

पायरी ६: पुसल्यासारखं करा

कधीतरी पश्चात्ताप होतोच. मग नको असलेले फोटो निवडायचे आणि डिलीट दाबायचं. सॉफ्टवेअर दोन पर्याय देतं: फक्त कॅटलॉगमधून काढायचे, की डिस्कवरूनही पुसायचे. दुसऱ्या पर्यायाची भीती वाटते म्हणून आपण पहिला घेतो. चोपडीतली ओळ खोडली जाते, पोतं वखारीत तसंच. आता त्या पोत्याचा मालकही कोणी नाही आणि ते कुठे आहे हेही लिहिलेलं नाही. धाडस करून दुसरा पर्याय घेतलाच, तरी चिंता नको. फाइल रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते, आणि जागा तेवढीच अडलेली राहते. बिन रिकामी करण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

इथे भाच्याचा प्रवेश.

माझा भाचा उन्हाळ्याच्या सुट्टीत आला होता. लॅपटॉप हळू चालतो म्हणून मी तक्रार केली आणि मांडवाला गेलो. परत आलो तर तो म्हणाला, “मामा, सगळं साफ केलं.” त्याने दोन कामं केली होती. ‘लग्न’ नावाचं अख्खं फोल्डर विंडोजमधून उचलून डी ड्राइव्हवर नेलं होतं. आणि पिक्चर्समधल्या लाइटरूमच्या फोल्डरात ज्यांची नावं त्याला कळली नाहीत त्या फाइली उडवल्या होत्या. त्या फोल्डरात प्रीव्ह्यूचं एक भलंमोठं गाठोडं होतं, पन्नास जीबीच्या वर. त्याच्या नावात ‘प्रीव्ह्यू’ असं इंग्रजीत लिहिलेलं होतं, ते त्याला कळलं, महत्त्वाचं वाटलं, म्हणून त्याने ते ठेवलं. त्याच्या शेजारी शेवटी ‘एलआरकॅट’ असलेली एक फाइल होती, पुरती एक जीबीचीही नाही. ती नाव कळेना म्हणून गेली. बिनही त्याने रिकामी केली होती. त्या घरात बिन रिकामी करणारा तो पहिला माणूस.

म्हणजे पोराने वखार हलवली आणि चोपडी जाळली. जे गाठोडं बिनधास्त उडवता आलं असतं, कारण मूळ फोटो जागेवर असले की सॉफ्टवेअर प्रीव्ह्यू पुन्हा बनवतं, ते सुखरूप. तीन लग्नांचं रंगकाम, निवड, कापाकापी गेली. तीन आठवडे आधीचा कॅटलॉगचा एक बॅकअप सापडला. तो उघडला तर डाव्या बाजूच्या प्रत्येक फोल्डरवर प्रश्नचिन्ह, कारण चोपडीत सी ड्राइव्ह लिहिलेलं आणि पोती डीवर गेलेली. उजवं बटण दाबून, हरवलेलं फोल्डर शोधायला सांगून, डीवरची नवी जागा दाखवली तेव्हा एकेक प्रश्नचिन्ह गेलं. फोल्डर हलवायचंच होतं तर ते लाइटरूमच्या आतूनच ओढून न्यायला हवं होतं. म्हणजे पोतं हलतं आणि चोपडीतली नोंदही त्याच वेळी बदलते. भाच्याला मी रागावलो नाही. बहिणीला तसं वचन द्यावं लागलं.

पायरी ७: टँकर लावा

इतकं करून डिस्क भरतेच. आता बाहेरची हार्ड डिस्क आणायची. ती भरली की दुसरी. माझ्या मित्राच्या टेबलाच्या खणात अशा सहा आहेत. वर स्केचपेनने लिहिलंय: ‘लग्न’, ‘लग्न २’, ‘मोठी’, ‘ही वापरू नये’. चौथीत काय आहे हे बघायचं धाडस कोणी केलेलं नाही.

आपल्याला टँकरचा शब्द नवा नाही. लातूरकर तर त्याच्या पुढच्या वर्गात गेलेला आहे. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर. १२ एप्रिलला पहिली ‘जलदूत’ आली: दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. त्या उन्हाळ्यात लातूरच्या घराघरांत भाजी धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं फरशीला आणि फरशीचं संडासाला जात होतं. एक घागर चार वेळा कामाला यायची. हे ज्याने केलं, तोच माणूस आज कॅमेऱ्याचं बटण दाबून धरतो आणि नळ उघडा टाकून झोपी जातो.

नांदेडचं दुखणं उलटं आहे. तिथे गोदावरीला पाणी चढलं की विष्णुपुरीचे दरवाजे उघडतात, विसर्ग वाढतो आणि घाट पाण्याखाली जातात. नांदेडचा फोटोग्राफर एका दसऱ्याला गुरुद्वाऱ्याच्या हल्ला-महल्ल्यात उभा राहिला की तसाच पूर आणतो. २००८ साली गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला ज्याच्या खिशात ४ जीबीचं कार्ड होतं तो स्वतःला जहागीरदार समजत होता. आज तेवढ्यात एका घोडेस्वाराची एक दौडही मावत नाही. लातूरकराला साठवण कळते, नांदेडकराला विसर्ग. दोघांनी एकमेकांची शिकवणी लावली तर हा लेख लिहायची गरज उरली नसती.

आपल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गेरूने लिहिलेलं होतं: पाणी अडवा, पाणी जिरवा. पाणी धरणात आल्यावर मोजण्यापेक्षा जिथे पडतं तिथे अडवायचं, माथ्यावर. फोटोचंही असंच आहे. माथा म्हणजे तुमचं बोट. त्याच्या खाली कार्ड: जेवणाच्या पंगती बसल्या की दहा मिनिटं कॅमेऱ्याच्या पडद्यावरच उघड उघड नासलेले फोटो काढता येतात. त्याच्या खाली इंपोर्टची खिडकी, जिथे प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक टिक असते आणि ती काढली की तो फोटो आतच येत नाही. तिथे एकदा घेतलेला फोटो पुन्हा न घेण्याचा चौकोनही आहे, त्यावर टिक केलेली असावी. एवढ्या तीन बांधांवर जे अडतं, त्याच्यासाठी खाली टँकर लागत नाही.

बाहेरची डिस्क वाईट नाही. पोती तिथेच ठेवा, चोपडी लॅपटॉपवर. ही व्यवस्था चांगली आहे आणि पुष्कळ जाणकार तेच करतात. डिस्क घरी राहिली आणि आपण गावाला गेलो तर ‘स्मार्ट प्रीव्ह्यू’ बनवून ठेवावेत. त्यांची लांब बाजू २५६० पिक्सेलची असते, जागा थोडी घेतात आणि मूळ फोटो हाताशी नसतानाही रंगकाम करता येतं. डिस्क परत जोडली की ते काम मूळ फोटोला लागू होतं. फोल्डरांची नावं ‘लग्न नवीन’ अशी न ठेवता आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग गाव अशी ठेवली तर सगळी आपोआप ओळीत लागतात. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, तरी सराफा कुठे, मिरची कुठे, गूळ कुठे हे लातूरच्या लेकराला विचारावं लागत नाही. १९१७ साली एका माणसाने नकाशा नीट काढला, म्हणून.

हे सगळं मी लिहितोय खरं, पण लेखाचं नाव काय आहे ते विसरलेलो नाही. ज्यांना लाल रेघच हवी आहे त्यांनी वरचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत.

एक गोष्ट मात्र थट्टेत सांगता येत नाही, म्हणून सरळ सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या पट्ट्यात भूकंपाने दगडमातीची माळवदाची घरं खाली बसली, तेव्हा त्यांच्या भिंतींवरच्या तसबिरीही त्याच ढिगाऱ्यात गेल्या. लग्नाचा एकच फोटो असायचा त्या काळी घरात. तो गेला की माणसाचा चेहरा फक्त आठवणाऱ्याच्या डोळ्यांत उरायचा. जागा वाचवताना प्रती कमी करायच्या त्या त्याच डिस्कवरच्या. निवडलेल्या फोटोंची आणि चोपडीची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर हवी, आणि ती डिस्क दुसऱ्या घरात, जमलं तर दुसऱ्या गावात. माझी देगलूरला बहिणीकडे असते, धान्याच्या कोठीशेजारच्या कपाटात. किल्ली बहिणीकडे. भाच्याला ठाऊक नाही.

आणि वाचकहो, तुमच्यातले बहुतेक फोटोग्राफर नाहीत, पण स्टेजवर चढणारे सगळे आहेत. तेव्हा एक विनंती. या लग्नसराईत आहेर घेऊन वर गेलात की एकदाच उभे राहा, कॅमेऱ्याकडे बघा, आणि फ्लॅश पडेपर्यंत डोळे उघडे ठेवा. तुमच्या मिटलेल्या पापणीला ३० एमबी लागतात.